आत्या रेंजमध्ये आहे

आमची आत्या राहते डोंबिवलीला आणि मी पार्ल्याला. म्हणजे ती मध्य रेल्वेची, मी पश्चिम रेल्वेचा. अशा दोन जमातींनी भेटायचं कुठे, तर दादरला. दिवाळीची खरेदी असो, लग्नाच्या साड्या असोत, नाहीतर शिवाजी मंदिरचं नाटक असो, दुसरा पर्यायच नाही.

पण डिसेंबर २०२३ पर्यंत दादर स्टेशनात एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते. एक त्यांचा, एक आमचा. "मी एक नंबरवर उभी आहे," असं आत्या फोनवर ठणकावून सांगायची. मीही एक नंबरवरच उभा असायचो. खोटं कुणीच बोलत नव्हतं आणि मध्ये अख्खं स्टेशन पसरलेलं. शेवटी ९ डिसेंबर २०२३ला रेल्वेने पश्चिमेचे आकडे तसेच ठेवून मध्य रेल्वेची मोजणी ८ पासून सुरू केली. त्यांचा एक झाला आठ. मला वाटलं, सुटलो! पण आत्याने हा बदल अजून मंजूर केलेला नाही. "तो तुमचा आठ असेल, आमचा एकच," असं तिचं म्हणणं आहे.

मग लोकेशन शेअर करणं आलं. आत्या साडीच्या दुकानात आणि तिचा निळा ठिपका रुळांवर, असं दिसलं की काळजात धस्स होतं. जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून २० हजार किलोमीटर उंचीवर. तिथून निघालेला सिग्नल रानडे रोडवर पोचेपर्यंत मलूल झालेला असतो. त्यात तो या इमारतीवर आपटून त्या इमारतीवर जातो आणि मग आत्याच्या पर्समधल्या फोनपर्यंत येतो. मे २०२५मध्ये दादरचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं. तिथे खाली गेल्यावर उपग्रहाचा संबंधच संपला.

यावर उपाय चालू असल्याचं आत्याच्या नातवाने सांगितलं. तो पुण्यात टेलिकॉममध्ये आहे. थालीपीठ येईपर्यंत त्याने आमचा वर्ग घेतला. उपग्रह नको, टॉवरही मध्ये नको, दोन फोनांनी एकमेकांतलं अंतर थेट मोजायचं. फोन ते फोन अशा थेट दुव्याला 'साइडलिंक' म्हणतात आणि त्यावरून अंतर मोजणं मोबाइलच्या जागतिक नियमावलीच्या अठराव्या आवृत्तीत आलंही आहे. रीत अशी : माझा फोन हाक मारतो, आत्याचा फोन ओ देतो. जाऊन-येऊन लागलेल्या वेळातून आत्याच्या फोनने मध्ये घालवलेला वेळ वजा करायचा, उरलेल्याचं निम्मं करायचं. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जाते. त्यावरून अंतर निघतं.

"मध्ये घालवलेला वेळ खरा सांगावा लागतो," नातू म्हणाला. मी आत्याकडे पाहिलं. "पोचतेच पाच मिनिटांत" म्हणून छबिलदास गल्लीत शिरलेली बाई किती वेळ आत होती, हे तिने आजवर कधी कळवलेलं नाही.

दुसरी अडचण गर्दीची. माणसाचं शरीर रेडिओलहर शोषतं आणि संध्याकाळच्या दादरला शरीरांची टंचाई कधीच नसते. थेट येणारा सिग्नल त्यात दमतो. भिंतीवरून उसळून आलेला उशिरा येतो, पण कधीकधी जास्त जोरात येतो. दहा नॅनोसेकंद उशीर म्हणजे तीन मीटरची चूक. म्हणून आधी आलेलं ऐकायचं, मोठ्याने आलेलं नाही. आमच्या घरात हे अजून कुणाला जमलेलं नाही.

खरी गंमत पुढे होती. ऐकणाऱ्या फोनने नुसतं "अंतर बारा मीटर" म्हणून मोकळं व्हायचं नाही. सिग्नल किती जोराचा होता, थेट आला की आपटत आला, आपल्या उत्तराची आपल्यालाच किती खात्री आहे, हेही परत कळवायचं. मग पाठवणारा शहाणा होतो. तो आवाज वाढवतो, सिग्नलचा पट्टा रुंद करतो म्हणजे वेळ बारकाईने मोजता येतो, किंवा पुन्हा हाक मारतो. आणि खात्री नसलेल्या फोनच्या साक्षीला हिशेबात कमी वजन देतात.

"मग सगळ्यांनीच पहिल्यापासून ओरडायचं," आत्याने सुचवलं.

"मग फूलबाजार होईल, आजी. कुणालाच काही ऐकू येणार नाही. ज्याला गरज आहे त्यानेच, गरजेपुरतंच."

"म्हणजे ऐकू आलं नाही तर तसं सांगायचं. एवढं शिकायला इंजिनियर कशाला व्हावं लागतं?"

लागतं, आत्या. स्टेशनच्या पुलावर कुणालाही पत्ता विचारून बघ. "माहीत नाही" म्हणणारा दादरकर मला अजून भेटायचाय. उलट "हे काय, सरळ जा, कुणालाही विचारा," असं तो हात लांब करून सांगतो. त्याच हाताने त्याने "खात्री तीस टक्के" एवढंच जोडलं असतं, तर कितीतरी पाहुणे हिंदमाताऐवजी वेळेवर शिवाजी पार्कला पोचले असते! फोनवर आपणही तेच करतो. लोकल धडधडत जाते, निम्मं वाक्य तिच्याखाली जातं आणि आपण म्हणतो, "हो हो, कळलं."

नातवाचं यंत्र आत्याच्या पर्समध्ये यायला वेळ आहे. तोवर कुणी तुम्हाला "दादरला ब्रिजखाली भेटू" म्हणालं, तर कोणता ब्रिज आणि पूर्व की पश्चिम, हे फोन ठेवण्याआधी विचारून घ्या.