जोडी कुठाय?

बाणेर-हिंजवडीच्या पट्ट्यात स्टोरेजचं काम करणारी कुठलीही कंपनी घ्या, तिथे एक काका असतातच. पन्नाशी ओलांडलेली, खिशाला स्वतःचा मार्कर. ऑफिसचे सगळे मार्कर वाळलेले असतात यावर त्यांचा गाढ विश्वास, आणि तो खोटा ठरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. समोर सगळे त्यांना 'सर' म्हणतात, पाठीमागे 'बॅरिअर काका'.

डिस्कच्या ड्रायव्हरचा पॅच घेऊन कुणी रिव्ह्यूला गेलं, की काका कोडकडे बघतच नाहीत. आधी बोर्ड पुसतात. मधोमध उभी रेघ मारतात. डावीकडे 'सीपीयू', उजवीकडे 'डिव्हाइस'. मग चष्म्यावरून बघत विचारतात, "बोला, कोण कुणाच्या आधी?"

समोरचा पोरगा गोंधळतो. कोडमध्ये तर वरून खाली सगळं नीट लिहिलेलं आहे! एनव्हीएमई डिस्क असेल तर 64 बाइटची कमांड मेमरीतल्या रांगेत लिहायची, आणि मग डिव्हाइसच्या डोअरबेल रजिस्टरमध्ये आकडा टाकून काम आल्याचं कळवायचं. ओळ पहिली, ओळ दुसरी. "तुम्ही लिहिलंत हो," काका म्हणतात, "पण कंपायलरनं ऐकलं का? प्रोसेसरनं ऐकलं का?" ऐकण्याची सक्ती करणारा बॅरिअर मध्ये नसेल तर दोघंही आपल्या सोयीनं क्रम फिरवतात. डोअरबेल आधी पोचते, डिव्हाइस धावत रांगेशी येतं आणि तिथली जुनीच कमांड उचलून नेतं. "पानं वाढून झाली नाहीत आणि यजमान म्हणतोय 'सावकाश होऊ द्या'!" हे वाक्य टीममधल्या प्रत्येकाला पाठ आहे. तरीही काका ते दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणतात आणि स्वतःच हसतात.

अशा माणसाला कोडमध्ये जागोजागी बॅरिअर दिसले तर आनंद होईल, असं नव्या लोकांना वाटतं. उलट आहे. बॅरिअरच्या बाबतीत काका महाकंजूष. भीतीपोटी घातलेला एक जरी दिसला, की बोट ठेवून विचारणार, "याची जोडी कुठाय?" लिहिणाऱ्यानं क्रम पाळला आणि वाचणाऱ्यानं पाळला नाही, तर उपयोग शून्य. काम संपल्याची 16 बाइटची नोंद डिव्हाइस मेमरीत टाकतं, तेव्हा त्यातला फेज बिट उलटतो. ती बाजू डिव्हाइसनं सांभाळली. आपण बिट तपासला खरा, पण बाकीची नोंद एआरएम प्रोसेसरनं त्याआधीच वाचून ठेवली असेल तर हातात शिळा माल येतो. म्हणून दोन वाचनांच्या मध्ये रीड बॅरिअर हवा. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये तो आहेच. शिवाय प्रत्येक बॅरिअरशेजारी तो का आहे याची टीप हवी. टीप नसेल तर लिनक्सचं चेकपॅच कुरकुरतं. काका त्याच्या आधी कुरकुरतात.

त्यांच्यासमोर 'व्होलटाइल' हा शब्द काढू नये. "बॅरिअरनं डेटा फ्लश केला" असंही म्हणू नये. बॅरिअर फक्त क्रम राखतो. डेटा डिस्कवर टिकवायची फ्लश कमांड वेगळी. हे समजावताना त्यांचा चहा गार होतो आणि तो गार झाल्याबद्दल ते समोरच्याकडेच रागानं बघतात.

एकदा इंटेलवर महिनोन्महिने सुरळीत चाललेला ड्रायव्हर एआरएमच्या सर्व्हरवर मधूनच चुका करू लागला. दोन पोरं तीन रात्री लॅबमध्ये. शेवटी एक जण उजळल्या चेहऱ्यानं आला, "सर, मध्ये एक प्रिंट टाकलं की बग जातो!" काका शांतपणे म्हणाले, "मग प्रिंटच शिप करा." त्या रात्री मात्र ते स्वतः थांबले, स्वतःच्या पैशानं सगळ्यांसाठी वडापाव मागवले. पोरांनी घाबरून पेरलेले चार बॅरिअर एकेक करून उपटले. मग डोअरबेल वाजवणाऱ्या ओळीशी आले. वेगासाठी कुणीतरी तिथे 'राइट-एल-रिलॅक्स्ड' वापरलं होतं. साधं 'राइट-एल' आधीच्या लिखाणाचा क्रम स्वतःच सांभाळतं, रिलॅक्स्ड सांभाळत नाही. काकांनी तेवढा 'रिलॅक्स्ड' खोडला आणि घरी गेले. पॅचवर नाव पोराचं.

"इंटेलनं तुम्हाला लाडावून ठेवलंय," हे त्यांचं आवडतं दूषण. पण इंटेलही पुरतं सज्जन नाही, हे पुढच्याच श्वासात सांगतात. एका जागी लिहून लगेच दुसरीकडचं वाचलं, तर वाचन पुढे सरकू शकतं. 2018 साली लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये शॅडो डोअरबेलच्या कोडात एक पूर्ण बॅरिअर घालावा लागला, तो याच प्रकारामुळे. तो पॅच ते हमखास उघडून दाखवतात.

आणि मग अल्फा निघतो. डेकचा तो जुना प्रोसेसर 1992 सालचा; पॉइंटर नवा वाचायचा आणि त्यामागचा डेटा जुना. आता त्याच्यावर फारसं कुणी काही चालवत नाही, पण त्याचं नाव घेताना काकांचा आवाज बदलतो, बोर्ड पुन्हा पुसला जातो आणि नवी उभी रेघ पडते.

तुमच्या टीममध्ये असे कुणी असतील, तर पॅच त्यांना दुपारी तीनच्या आत दाखवा. चारनंतर गेलात तर कंपनीची शेवटची बस चुकलीच म्हणून समजा.