खर्जाची सोय

नागपुरात गिटारवाले किती आहेत ते मोजायची गरज नाही. संध्याकाळी कुठल्याही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभं राहून "जी मेजर" अशी हाक मारा, तीन बाल्कन्यांतून डोकी बाहेर येतील. बेस गिटारवाला मात्र शोधून दाखवा. हा प्राणी जन्माला येत नाही, त्याची नेमणूक करावी लागते. चार गिटारवाले जमले की त्यांतला जो स्वभावाने गरीब, किंवा जो पहिल्या बैठकीला उशिरा पोचला, त्याच्या गळ्यात ते चार जाड तारांचं धूड पडतं. यात नागपूरचा काही दोष नाही. बीटल्सचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ मध्ये चित्रकलेपायी हॅम्बुर्गलाच राहून गेला, तेव्हा मागे उरलेल्यांपैकी कोणालाच ते वाद्य नको होतं. शेवटी ते पॉल मॅकार्टनीच्या वाट्याला आलं. त्याचं पुढे बरं चाललं, ही गोष्ट निराळी.

आमच्या वाद्यवृंदातला बेसवालाही असाच उशिरा आलेल्यांपैकी. बिचारा मन लावून वाजवायचा. मग त्याला हिंजवडीत नोकरी लागली आणि नागपूरच्या पद्धतीप्रमाणे तो पुण्याला गेला. आता तिथून फोन करतो तो फक्त पोह्यांवर तर्री मिळत नाही हे सांगायला. मागे उरलो आम्ही तीन गिटारवाले, एक गायिका आणि कॅहोन बडवणारे एक दंतवैद्य. गिटारवाल्यांपैकी एक पाटबंधारे खात्यातले, एक विम्यातले, तिसरा मी.

आमचा सगळा कारभार पंचमच्या गाण्यांवर चालतो. त्या गाण्यांखालून टोनी वाझ यांचा बेस असा काही चाललेला असतो की ऐकताना तो जाणवत नाही, काढून घेतला की मात्र गाणं अंगणात उघडं पडतं. आमच्या तीन गिटारींनी ते झाकून पाहिलं. तिघंही एकाच उंचीवर, एकाच जोमाने. दंतवैद्य म्हणाले, "हे ऐकून दाढ दुखून राहिली." गणपतीतला कार्यक्रम ठरलेला होता. कोणीतरी बेस घ्यावा असं सर्वानुमते ठरलं आणि त्यानंतर सर्वानुमते शांतता पसरली. तेव्हा विमावाले म्हणाले, "एक पेडल येते म्हणे."

पेडलचं तत्त्व कागदावर फार सोपं आहे. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ८२ कंपनं होतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१. बरोबर निम्मी. बेसच्या चारही तारा म्हणजे गिटारच्या खालच्या चार ताराच, एक सप्तक उतरवलेल्या. तेव्हा गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये कंपनं निम्मी करणारा एक डबा बसवला, की पुण्याला गेलेल्या माणसाची जागा भरते. नोकरभरतीचा इतका सुटसुटीत मार्ग पाटबंधारे खात्यालाही सुचलेला नाही, असं आमच्या पाटबंधारेवाल्यांचंच मत पडलं.

बर्डीवरच्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात विचारायला गेलो. दुकानात पेट्या, डग्गे, टाळ, दोनतीन झोपलेल्या गिटारी. म्हातारे मालक म्हणाले, "पेडल नाही ठेवत आपण. पण तुम्हाले करायचं काय आहे?" मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे एक पेटी पुढे ओढली, एक खुंटी सरकवली आणि मधल्या सप्तकातला सा दाबला. खालच्या सप्तकातली पट्टी आपोआप खाली गेली आणि दोन सा एकदम बोलले. "कपलर म्हणते याले. माझ्या बापाच्या वेळेपासून आहे. न वीज, न पेडल." मग त्यांनी पेटीच्या पोटातले रीडचे संचही दाखवले, बेस, मेल, फिमेल. "तुमच्या गिटारीच्या पोटात बेसची रीड नाही, म्हणून तुम्ही बाहेरून बसवून राहिले. बसवा." इंटरनेटवरच्या अर्धा अर्धा तासाच्या व्हिडिओंनी जे मला सांगितलं नव्हतं, ते या माणसाने एका खुंटीत सांगितलं. वर चहाही पाजला.

आता खरी निवड. या डब्यांचे ढोबळ तीन वंश आहेत. पहिला जुना, साधा, विश्वासू. बॉस कंपनीचा ओसी-२ हा १९८२ चा, त्या घराण्याचा मूळपुरुष. त्याचा हिशेब एवढाच, की आलेल्या दर दोन लाटांमागे एक लाट बाहेर सोडायची. पोटात संगणक वगैरे काही नाही. त्यामुळे आवाज असा गोल आणि गुबगुबीत निघतो की खऱ्या बेसवाल्यांनीही तो विकत घेऊन ठेवलेला आहे. अट एकच, एका वेळी एकच तार. चुकून शेजारची तार हलली की याला नक्की कुठल्या लाटा मोजायच्या ते कळत नाही, आणि मिक्सरमध्ये चमचा राहून गेल्यासारखा आवाज येतो.

दुसरा वंश पायाने हलवायचा. डिजिटेकची लालभडक व्हॅमी. पाय पुढे रेटला की स्वर चढतो, मागे घेतला की उतरतो. डग्ग्यावर मनगट घासून जो घुमारा काढतात त्याची ही विलायती टाच. हिच्या नावावर एक मोठा पराक्रम जमा आहे. द व्हाइट स्ट्राइप्स या दोनच माणसांच्या बँडचं 'सेव्हन नेशन आर्मी' हे २००३ मधलं गाणं. त्याच्या सुरुवातीची ती जड पावलांची चाल फुटबॉलच्या मैदानांवर हजारो लोक एका सुरात गातात. ऐकणाऱ्याला ती बेसवरच वाजलेली वाटते. पण त्या बँडमध्ये बेसवाला नव्हताच. जॅक व्हाइटने आपल्या गिटारचा स्वर व्हॅमीतून सप्तकभर खाली नेलेला आहे. ही हकिकत मी बैठकीत सांगायला नको होती असं म्हणत नाही, पण ती ऐकताक्षणी पाटबंधारेवाल्यांचे डोळे चमकले. "म्हणजे बेस वाजवता वाजवता मधातच वर जाऊन सोलो मारता येते?" पुण्याला गेलेल्या मुलाने चार वर्षांत हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

तिसरा वंश डिजिटल, अनेक तारा एकदम सांभाळणारा. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा पॉग आणि त्याची लहानमोठी भावंडं. यात अख्खा कॉर्ड वाजवा, तो अख्खाच्या अख्खा खाली येतो. विमावाले यावर भाळले. पण कॉर्ड खर्जात नेला की त्यातले स्वर एकमेकांच्या अंगावर पडतात आणि चिखल होतो. बेसला कॉर्ड लागत नाही, एका वेळी एक स्वर पुरतो. मग एवढ्या बुद्धीचे पैसे कशाला मोजायचे? एका कारणासाठी मोजावे. आपली बोटं स्वच्छ नसली, तार दाबायची राहिली, तरी हा डबा ओरडत नाही, सांभाळून घेतो. आमच्या तिघांची बोटं पाहता हा गुण दुर्लक्षिण्यासारखा नव्हता.

बुद्धीला वेळ मात्र लागतो. स्वर कुठला ते ओळखायला यंत्राला निदान एक पूर्ण लाट ऐकावी लागते आणि जाड तारेची एक लाट सेकंदाच्या ऐंशीव्या भागाएवढी लांब. कानाला हे अंतर मोजता येत नाही, बोटांना मात्र काहीतरी अडल्यासारखं वाटत राहतं. त्यावर जाणकारांचा तोडगा असा, की मोकळ्या जाड तारेवर न रेंगाळता पाचव्या पडद्याच्या वर सरकावं, मानेकडचा पिकअप घ्यावा, टोनची कळ खाली करावी.

गिटारवाल्याला बेसवाल्यावाचून जगता यावं ही धडपड फार जुनी आहे. जपानच्या रोलँड कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं चंदेरी खोकं काढलं, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला घरबसल्या बेसची साथ मिळावी म्हणून. त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. गिटारवाल्यांनी पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये ते बंद पडलं. पण त्याआधीच, १९८२ मध्ये, मुंबईच्या सिने-वाद्यवृंदांतले चरणजित सिंग यांनी त्याच खोक्यावर राग बसवून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. तेव्हा तिला कोणी फारसं विचारलं नाही. पुढे परदेशात याच खोक्यातून अॅसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत निघालं आणि २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा बाजारात आली तेव्हा लोक थक्क झाले. बेसवाला टाळण्याच्या नादात माणसं कुठे कुठे पोचतात!

आमच्या घरी मात्र प्रश्न साधा होता. पेडलची किंमत ऐकून बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात तर अख्खी बेस गिटार येऊन जाईल ना?"

येते. पाच आकडी पैसे मोजले की नवशिक्याची बरी बेस गिटार घरी येते. लिओ फेंडरने १९५१ मध्ये पडदे असलेली विजेची बेस बाजारात आणली ती याचसाठी, की गिटारवाल्यालाही खालचे स्वर बिनचूक वाजवता यावेत. म्हणजे जी सोय आम्ही शोधत होतो ती सत्तर वर्षांपूर्वीच झालेली आहे आणि तिचं नाव बेस गिटार. पण बायकोला यातली खोच कशी सांगावी? बेस गिटार विकत घेतली की माणूस बेसवाला होतो. लोक त्याची तशी ओळख करून देतात, फोटोत तो मागे उभा राहतो. पेडल घेणारा मात्र गिटारवालाच राहतो, आज जरा खाली आलेला आहे, एवढंच. बटण पुन्हा दाबलं की वर. बाजारात हे जे खपतं ते खालच्या स्वरांपेक्षा वर परतायच्या तिकिटासाठी जास्त खपत असावं. मी बायकोला म्हणालो, "बेस गिटार ठेवायला जागा कुठे आहे?" तिने तीन रिकामे कोपरे दाखवले.

अखेर ओसी-५ घेतला. २०२० चा हा त्या १९८२ च्या मूळपुरुषाचा वंशज. एका खटक्यावर जुना एकतारी स्वभाव, दुसऱ्यावर नवा अनेकतारी. दोन्ही पक्षांची मतं सांभाळायची तर असाच उमेदवार लागतो. व्हॅमीवाल्यांनी निषेध नोंदवला. अडॅप्टरचं तेवढं पाहून घ्यावं. नऊ व्होल्ट आणि मधलं टोक ऋण. घरातला वायफायचा अडॅप्टर भोकात छान बसतो, पण तो बहुधा बारा व्होल्टचा असतो आणि धन टोक मध्ये ठेवतो.

तालीम एप्रिलमध्ये सुरू झाली, म्हणजे कूलरसह. नागपुरात मार्च ते जून माणसं कूलरच्या आवाजात बोलतात, झोपतात आणि भांडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटारी, ट्रान्सफॉर्मर यांची गुणगुण ५० आणि १०० कंपनांच्या आसपास असते. आणि बेसवरचा जी म्हणजे ४९, त्याच्या वरचा ९८. आमचा कूलर वर्षानुवर्षं जीमध्ये, किंचित चढा, खर्ज धरून बसलेला होता! जी पट्टीतल्या गाण्यांना उन्हाळ्यात पेडल लागणारच नव्हतं. दंतवैद्यांनी कूलरला मानधन द्यायची सूचना केली.

पहिला मान पाटबंधारेवाल्यांनी घेतला. त्यांनी बटण दाबलं आणि आपला नेहमीचाच सोलो वाजवला, तारा ओढून, मुरक्या घेऊन, फक्त सप्तकभर खाली. खर्जात तान ऐकायची ज्यांना हौस असेल त्यांनी आमच्या कॉलनीत यावं. पेडल स्वर खाली आणतं, वाजवणाऱ्याला खाली आणायची कळ त्यात बसवलेली नाही. मग विमावाल्यांनी वाजवला. त्यांनी प्रत्येक मात्रेला एक स्वर भरला, हप्ता चुकता कामा नये अशा काळजीने. बेसमध्ये न वाजवलेल्या जागाच जास्त असतात आणि त्या जागा रिकाम्या ठेवणं गिटारवाल्याला पैसे सोडण्याइतकं जड जातं. मी तार छेडायची पट्टी बाजूला ठेवून अंगठ्याने वाजवायला लागलो, दोन स्वर वाजवून थांबायला लागलो. गायिका म्हणाली, "आता कसं कोणी खाली उभं असल्यासारखं वाटून राहिलं." तेवढ्यावर माझी नेमणूक झाली.

एक अडचण राहिली. आमचा अॅम्प दहा वॅटचा, सहा इंची स्पीकरचा. ४१ कंपनांचा स्वर त्यातून निघत नाही. वरचे पूरक स्वर ऐकून कान खालचा स्वर मनानेच भरून घेतो, पण स्पीकरची जाळी मात्र खडखडते. पोळ्याच्या सुमारास तालमी वाढल्या तशी शेजारच्या काकांची सहनशक्ती संपली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक. गावातली इडापिडा गावाबाहेर नेऊन जाळायची ही नागपूरची रीत, आणि सोबत वर्षभरात ज्याने ज्याने छळलं त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा. काका फाटकातूनच ओरडले, "यंदाचा बडग्या तुमच्या या डबड्याचाच करतो, पाहजा!"

गणपतीच्या मांडवात मात्र साउंडवाल्याचे अठरा इंची स्पीकर होते, दोन्ही बाजूंना भिंतीसारखे. त्याने माझी वायर थेट मिक्सरमध्ये खोचली. मी जाड तार हलकेच छेडली. मांडवाचे बांबू थरथरले, प्रसादाच्या टेबलावरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणले, पहिल्या रांगेतल्या आजींनी छातीवर हात ठेवला. मंडळाचे सचिव धावत आले. वाटलं, बंद करा म्हणतात. ते साउंडवाल्याला म्हणाले, "हे पाह्यजे होतं ना भाऊ! याले अजून वाढव. आणि त्या दोन गिटारी जराशा कमी कर, मधात येऊन राहिल्या."

मध्यंतरात पाटबंधारेवाले माझ्याजवळ आले. आवाजात कमालीचा जिव्हाळा. "तुम्ही थकले असाल. पुढची चार गाणी बेसवर मी पाहतो." मी काही म्हणायच्या आत खाली पाहिलं, तर विमावाल्यांची चप्पल आधीच पेडलवर होती.