वाडी सगळ्यांची, शिंपण आमचं

श्रीवर्धनच्या आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर बरीच नावं आहेत. वर्षभर तिथे राहतो ते आम्ही दोघंच. नावांबद्दल माझी तक्रार नाही. वडिलोपार्जित जागा आहे, सगळ्यांनी यावं, आंबे खावेत, विहिरीवर आंघोळी कराव्यात. माझी तक्रार केळीच्या पानांबद्दल आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं आणि सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. मोडलेली पोफळ पुन्हा फुटत नाही, तिला शेंड्याचा एकच कोंब असतो. नवं रोप लावलं तर ते धरायला पाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्त. शिवाय रोपाला सावली लागते. पूर्वी ती मोठ्या झाडांची मिळायची. आता नैर्ऋत्येच्या अंगाला केळी लावाव्या लागल्या, कारण दुपारनंतरचं तिरकं ऊन कोवळ्या खोडाला लागलं की साल करपते, पुढे तिथेच चीर जाते आणि एखाद्या वाऱ्यात झाड तिथूनच मोडतं. गेल्या मे महिन्यात सगळे सुट्टीला आले आणि जेवायला पान हवं म्हणून नेमक्या या केळींची पानं उतरवली गेली. रोज, दोन्ही वेळा. विहिरीपलीकडे पानांसाठीच ठेवलेल्या केळी आहेत, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिथवर जायचा कंटाळा. रोपांची साल करपली ती करपलीच.

मेअखेरीला पोफळींवर बोर्डो मिश्रण फवारायचं. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं कालवायचं आणि मग एकत्र करायचं. भांडं लोखंडाचं चालत नाही, म्हणून प्लास्टिकची दोन पिंपं मी फक्त त्यासाठी ठेवली आहेत. त्यातल्या एकात भाऊजींनी आंबे भिजत घातले. हे औषधाचं पिंप आहे, यातले आंबे आता कुणी खायचे नाहीत, एवढंच मी म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. मग मुलं अंगणात खेळतात म्हणून फवारणी पुढे ढकलायची असं त्यांच्यात ठरलं. मुलांना दुपारभर पडवीत बसवता आलं असतं. पावसाआधी पहिली फवारणी झाली नाही की कोळेरोग येतो आणि कोवळ्या सुपाऱ्या कुजून बुंध्याशी सडा पडतो. एकदा पाऊस लागला की निसरड्या खोडावर चढायला माणूस मिळत नाही. आषाढात मी तो सडा गोळा करत होते, तेव्हा घरात सुट्टीचं कुणी नव्हतं.

माकडं शहाळी फोडतात, पाडेकरी सांगितल्या दिवशी येत नाही, शेजारच्या माडाची चुडतं आमच्या कौलांवर पडतात. हे प्रत्येक वाडीत आहे. माकडांना सांगून उपयोग नाही. घरच्यांना सांगून व्हायला हवा.

वादळानंतर लावलेल्या रोपांपैकी एकाला गेल्या वर्षी पहिलं शिंपुट धरलं. मी रोज सकाळी जाऊन बघत असे. गणपतीवरच्या मंडपीला हिरवी सुपारी लागते, ती मी जुन्या झाडांची काढून पडवीत टांगून ठेवली होती. वन्सं हौसेने वाडीत गेल्या आणि हाताशी आलं म्हणून नेमकं तेच शिंपुट कापून घेऊन आल्या. देवासाठी काढलं, तेव्हा त्याबद्दल काही बोलायचं नाही, असं घरात ठरलं. म्हणून मी इथे लिहिते आहे. ते शिंपुट झाडावर पिकायला हवं होतं.

थंडीत सुपारी उतरते. सोलण्याआधी ती चाळीसेक दिवस उन्हात वाळावी लागते. रोज वरखाली करायची, दव पडायच्या आत झाकायची. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव या वाळवणावर टिकून आहे. आत ओल राहिली तर फोडल्यावर गर काळवंडलेला निघतो आणि व्यापारी तिथल्या तिथे दर पाडतो. नाताळच्या सुट्टीत पुण्याची गाडी आली ती थेट खळ्यात. बेड्याबाहेर फणसाखाली भरपूर जागा आहे, पण तिथे गाडीवर पानं पडतात. माझं वाळवण झाडूने लोटून सावलीच्या कडेला केलं होतं. मी बाजारातून परत येईपर्यंत कुणाला ते खटकलंही नव्हतं. त्या ढिगातली सुपारी वेगळी काढून कमी दराने विकावी लागली. तो हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे आणि ज्याला हवा त्याला दाखवीन.

परवा भाऊजींचा फोन आला, यंदा आंब्याच्या पेट्या किती होतील म्हणून. मी म्हटलं, आंब्यांचा मोहोर टिकला की सांगते, पण फवारणीला मला घरची दोन माणसं हवीत, एक पंपाशी आणि एक नळी ओढायला. दिवस आभाळ बघून ठरेल, तेव्हा रजा तशी मागून ठेवा. कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.