अहमदाबाद ते जुहू, व्हाया कुकर

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं चिमुकलं विमान काढलं, वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि दुपारी टपालाच्या थैल्यांसह ते जुहूला उतरले. एकटे. हा ‘एकटे’ शब्द मी वेळीच नीट वाचला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

२०२३ साली ही तारीख नेमकी रविवारी आली. घटस्थापना होती, पण संध्याकाळ मोकळी होती. आम्ही फ्लाइट सिम्युलेटरवाले दहाजण, पोट जमिनीवर भरणारे आणि जीव आकाशात अडकलेले. म्हटलं, टाटांचा शेवटचा टप्पा सगळे मिळून उडवू. अहमदाबाद ते जुहू, सेसना १७२, साडेतीन हजार फूट, दोन-सव्वादोन तास. कराचीहून निघायचं तर पाच तास हवेत, आणि तेवढा वेळ खोलीचं दार लावून बसायची मुभा दहापैकी एकालाही नव्हती.

सूचना मी जय्यत काढली. विमान कुठलं, उंची किती, घड्याळात दुपार लावून घ्या, आणि ठळक अक्षरांत : ‘सात वाजता, आयएसटी’. सात वाजता धावपट्टीवर मी एकटाच. नागपूरकरांचं अपडेट चाललं होतं. टाटांचं पेट्रोल म्हणे बैलगाडीतून आलं होतं. ते तरी वेळेवर पोचलं. सात-दहाला पाचजण उगवले ते सगळे एकाच जागी, एकमेकांच्या पोटात. आमच्या जगात विमानं धडकत नाहीत, आरपार जातात. दुरून पाहिलं तर दहा पंखांचं एकच विमान उभं, दसऱ्याआधीच आलेल्या रावणासारखं.

ठाण्याचे काका बँकेतून निवृत्त झालेले, सूचना न वाचणारे. “अहो, मला धावपट्टीच दिसत नाही.”

“काका, तुमच्याकडे रात्र आहे. ऊन लावा.”

“कुठे असतं ऊन?”

दाराबाहेर बायको थबकल्याचं मला ऐकू आलं.

एका उत्साही पुतण्याने (प्रत्येक ग्रुपात एक असतोच) सेसनाऐवजी लढाऊ एफ-१८ आणलं. आम्ही अजून साबरमतीची वळणं बघतोय, तोवर पंचवीस मिनिटांत त्याचा आवाज आला : “काका, मी जुहूला पोचलो. आता काय करू?” अभ्यास कर, असं तिघे एकदम म्हणाले.

पुढे कुणाचा तरी माइक चालू राहिला आणि नर्मदेच्या अलीकडे कुकरची पहिली शिट्टी झाली. तिसऱ्या शिट्टीला आवाज आला, “गॅस बंद कर रे आधी!” आवाजात असा काही अधिकार होता, की दोघे-तिघे आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन पाहून आले. ज्याचा कुकर होता, त्याचं विमान मात्र एव्हाना नाक खाली करून खंबातच्या आखाताकडे निघालं होतं. आम्ही “ओढ, ओढ” म्हणून ओरडत होतो आणि तो तिकडे वरणाचं झाकण पडतंय का बघत होता.

मुंबई आली. जुहूची धावपट्टी आखूड, आणि पलीकडे काही किलोमीटरवर सांताक्रूझची लांबलचक, जवळजवळ त्याच दिशेची. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं भलंमोठं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं होतं. काकांनी ती चूक उलटी करून दाखवली. सांताक्रूझच्या अजस्र धावपट्टीवर टेकून ते समाधानाने म्हणाले, “जुहू बरंच सुधारलंय हो.”

जेवण झालं, घटापुढच्या समईत तेल घातलं. साडेअकराला कॉम्प्युटर बंद करायला गेलो, तर हेडफोनमधून डब्लिनकर बोलत होता. “मी अहमदाबादला उभा आहे. बरोब्बर सात वाजलेत. बाकीचे कुठेयत?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही आयएसटीच म्हणतात. आयरिश स्टँडर्ड टाइम.

टाटा एकटेच गेले होते, असं सांगून मला झोपता आलं असतं. पण सबंध सूचना शब्दन् शब्द पाळणारा तो एकटाच निघाला होता. खुर्ची ओढली, दार लोटून घेतलं. “ऊन लावलंस ना?”

“कधीचं.”

दोन्ही इंजिनं चालू झाली. दाराबाहेरून आवाज आला, “गॅस बंद केलायस का?”