सहाशे मिलिमीटरची माणसं

आमच्या फोटोग्राफी क्लबात माणूस नावानं ओळखला जात नाही, लेन्सनं ओळखला जातो. "परवा दीडशे-सहाशे भेटले होते. मुलीचं जमलं म्हणे त्यांच्या," असं सचिव सहज बोलून जातात आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. ह्या हिशेबानं मी अठरा-पंचावन्न. म्हणजे कॅमेऱ्याच्या खोक्यात आपसूक येते ती. शुक्रवारच्या कार्यशाळेत अठरा-पंचावन्ननं सतरंजी घालायची, प्रोजेक्टरची वायर शोधायची आणि मॉडेलला यायला उशीर झाला तर लाइट बसेपर्यंत तिच्या जागी स्टुलावर बसायचं. माझ्या गालावर रेम्ब्रांटचा त्रिकोण फार सुरेख पडतो, यावर क्लबात एकमत आहे. पडला की म्हणतात, "झालं, उठा आता."

तरी मी जातो. घरी बसलो तर ही माळा आवरायला लावते. शिवाय कार्यशाळेत शिकायला मिळतं. दुधाचा थेंब पडून ताटलीत त्याचा मुकुट कसा होतो ते टिपण्यात आमची एक अख्खी संध्याकाळ आणि दोन लिटर दूध गेलं. चहाला दूध उरलं नाही, एवढंच सगळ्यांच्या लख्ख लक्षात राहिलं. 'प्रकाशानं चित्र काढणे' या विषयावर गच्चीत अंधार करून टॉर्च फिरवत होतो, तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधून गच्चीत चोर शिरल्याचा फोन गेला. हवालदार आले. त्यांनी पुतण्यासाठी कुठला कॅमेरा घ्यावा एवढंच विचारलं आणि अध्यक्षांनी त्यांना रात्री साडेअकरापर्यंत सोडलं नाही.

अध्यक्ष म्हणजे सहाशे एफ-चार. त्या लेन्सच्या किमतीत चांगली मोटार येते. घरी त्यांनी किंमत एक शून्य कमी करून सांगितलेली आहे आणि हे गुपित क्लबनं निष्ठेनं सांभाळलंय. ट्रायपॉड जड झाला म्हणून कुणी कुरकुरलं की ते थेट १८५४ पासून सुरुवात करतात. त्या साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, लंडनच्या सोसायटीनंतर अवघ्या वर्षानं, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. तेव्हा काचेला कोलोडियन फासायचं, काच ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि ओली आहे तोवरच धुवायचा. वाळली की मेहनत वाया. म्हणून ही मंडळी अंधारखोलीचा तंबू बरोबर घेऊन हिंडायची. "आणि तुम्हाला एवढंसं तिकाटणं उचलवत नाही!" हे शेवटचं वाक्य मला उद्देशून असतं, कारण तिकाटणं त्यांचं असतं आणि खांदा माझा.

तर फेब्रुवारीत क्लबची सहल भिगवणला गेली. विषय: 'पक्षी आणि आय-लेव्हल'. म्हणजे पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढायचा. वरून काढला की परीक्षक नाक मुरडतात. पहाटे चारला पुण्याहून निघालो. सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर, मध्ये चौफुल्याला चहा. बाकी प्रवासाचं वर्णन करता येणार नाही, झोपलो होतो.

काठावर पोचलो तेव्हा पाणी गुलाबी झालं होतं आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब आमच्या डोक्यावरून आपसात भांडत चालले होते. निसर्गसौंदर्य संपलं. आता होडी.

होडीवाल्या मामांनी आयुष्यात कॅमेरा घेतला नसेल, पण त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. "उजेड कमी हाय, आयएसओ चढवा. उडताना पायजे आसंल तर सोळाशेच्या खाली शटर ठिवू नका." सहाशे एफ-चारनी निमूट शटर वाढवलं. उजनीचं गणितही मामांनीच सांगितलं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि पाणी मागं भिगवणपर्यंत चढलं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून उन्हाळ्यात पेपरात 'उजनी उण्यात' असा मथळा येतो आणि पाणी तर समोर दिसत असतं. पाणी सोलापूरकडे सुटायला लागलं की इकडचा काठ उघडा पडतो, गाळ वर येतो. रोहित या गाळासाठीच येतात. चोच उलटी बुडवून गाळ गाळतात आणि त्यातल्या शेवाळातून, बारीक जिवाणूंतून, किड्यामाकोड्यांतून त्यांच्या अंगावर तो गुलाबी रंग चढतो. थोडक्यात, रोहित जवळून हवा असेल तर होडी जिथं पाणी नाही तिथं न्यावी लागते.

"अजून जवळ, मामा."

"रुतंल, सायेब."

"थोडंच. फ्रेम भरत नाहीये."

मामांनी बांबू रेटला. होडी वीतभर सरकली, बांबू मात्र जागेवरच राहिला. मग होडीही जागेवर राहिली. मामा शांतपणे म्हणाले, "वजन कमी करावं लागंल."

होडीत कार्यकारिणीचा कोरम होता, त्यामुळे लगेच बैठक सुरू झाली. सामान उतरवायचं की माणूस? सामान म्हणजे लेन्सा. तो विषय चर्चेलाच आला नाही. मग माणूस कुठला? शंभर-चारशेंच्या कमरेला पट्टा होता. दीडशे-सहाशेंचा परवाच दात काढला होता. दाताचा आणि चिखलाचा संबंध काय हे कुणी विचारलं नाही. खजिनदार म्हणाले, माझी लेन्स वेदर-सील्ड आहे, पण मी नाही. सचिवांनी, ज्याच्या हातात कमीत कमी किमतीचं भिंग त्यानं उतरावं, अशी सूचना मांडली. अनुमोदनाला एकदम तीन हात वर झाले. अध्यक्ष माझ्याकडे बघून प्रेमळ हसले. "कॅमेरा द्या इकडे. आम्ही सांभाळतो."

मी उतरलो. आधी गार पाणी, मग गार मऊ काहीतरी, आणि मग तळ येईल अशी मी वाट बघत राहिलो. घोटा गेला, पोटरी गेली, गुडघा गेला. डाव्या पायातली चप्पल केव्हा गेली ते कळलंच नाही. बोटांच्या फटींतून शिंपल्यांच्या कडा टोचत होत्या आणि प्रत्येक हालचालीला गाळातून एक बुडबुडा वर येऊन कुजक्या अंड्यांचा वास सोडून फुटत होता. मामाही उतरले होते. ते माझ्यापेक्षा अर्धेच रुतले होते. "पाय सरळ वर वडू नका. टाच आदी मोकळी करा. म्हशीवानी कडंकडंनं चाला." मी म्हशीचं मनोमन स्मरण केलं. आम्ही दोघं होडीला खांदा लावून म्हणतोय, "हं, एक, दोन..." आणि माझ्या पाठीमागं रोहितांचा थवा उठला.

रोहित एकदम उडत नाही. आधी पाण्यावर धावतो, छपछप छपछप, आणि मग पंख उघडले की आतला अंगारासारखा लाल रंग दिसतो. असं ऐकून आहे. मला दिसला नाही, माझं तोंड होडीकडे होतं. मला दिसल्या माझ्यावर रोखलेल्या सहा लेन्सा. सगळे एकाच अंगाला धावले, होडी त्या बाजूला कलली, म्हणजे माझ्यावर. तडतडतड बर्स्ट सुरू झाले. आणि वरून खजिनदारांचा आवाज, "अहो, वाका! वाका खाली! फ्रेममध्ये येताय!"

मी वाकलो. पाणी हनुवटीला लागलं. अख्ख्या क्लबात त्या घडीला आय-लेव्हलला असलेला मी एकटाच होतो आणि माझा कॅमेरा अध्यक्षांच्या मांडीवर होता.

होडी शेवटी दुसऱ्या होडीनं दोर टाकून ओढली. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, सगळे स्क्रीनवर वाकून चोच शार्प आली का बघत होते.

जेवण मामांच्या घरी होतं, भाकरी आणि चिलापीचं कालवण. मामींनी मला न बोलता न्हाणीत गरम पाणी दिलं आणि मामांचा लेंगा दिला. ओसरीवर मामांची म्हातारी आई बसली होती. तोफखाना एकापाठोपाठ एक आत आलेला बघून म्हणाली, "कुनावर सोडनार हाय रं?" मग मामा जरा लाजत म्हणाले, "सायेब, आईचा एक काढता का? आधार कार्डावरचा सोडला तर एक बी न्हाई."

काढू की, म्हणून सगळे सरसावले. पण सहाशेच्या लेन्सला चार मीटरच्या अलीकडचं दिसत नाही आणि ओसरी तेवढी नव्हती. अध्यक्ष मागं सरकत सरकत अंगणात गेले, अंगणातून गोठ्यात गेले, गोठ्यातून बाभळीत गेले. तिथून त्यांना म्हातारीचा एक कान पूर्ण मिळाला. मग अठरा-पंचावन्नची हाक आली.

म्हातारीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, हात मांडीवर ठेवले. हसा म्हटलं तर म्हणाली, "भिताडाला लावायचा हाय. हसून कसं चालंल?" कुठल्या भिंतीला आणि कधी लावायचा, ते तिनं ठरवलेलं दिसलं. सासरचं घर कुठं होतं विचारलं, तर शेजारची आळी दाखवावी इतक्या सहज पाण्याकडे बोट केलं. "त्या तितं, खाली." पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक गाड्या काढून बघायला जातात. तिचं घर मातीचं होतं.

आमच्या क्लबच्या भिंतीवर सुरकुतलेल्या म्हाताऱ्या पुष्कळ आहेत. वारीतल्या, आठवडी बाजारातल्या, फाटक्या उन्हातल्या. प्रत्येकीच्या खाली काढणाऱ्याचं नाव, शटर आणि ॲपर्चर. त्या बाईचं नाव नाही, आणि तिच्या घरी प्रत पोचली असेल तर ती चुकून. वार्षिक सभेत मी हे बोललो. विषयपत्रिकेत नाही म्हणाले.

बारा बाय अठराची प्रिंट मी फ्रेम करून एसटीनं पाठवली. आठवड्यानं मामांचा फोन. "पोचला. झ्याक हाय. पर आई म्हनती, उगा गोरी केलीया."

मेमध्ये क्लबची स्पर्धा झाली. नेचर विभागात माणूस किंवा माणसानं केलेलं काही दिसता कामा नये असा नियम आहे. रोहितांच्या थव्याचे सगळे फोटो त्यात बाद झाले, कारण प्रत्येकात खालच्या कोपऱ्यात माझं टक्कल होतं. खजिनदार महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. सचिव मात्र हुशार. त्यांनी थवाच कापून टाकला, उरलेलं कृष्णधवल केलं आणि 'भीमेचा लेक' या नावानं लोकजीवन विभागात पाठवलं. दुसरं बक्षीस.

परीक्षक मुंबईहून आले होते. पडद्यावर मी पाच फूट उंच, हनुवटीपर्यंत पाण्यात, एक हात होडीच्या काठाला. "या मच्छीमाराच्या चेहऱ्यावर," परीक्षक म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्यांची वंचना आहे. मनगटावरचं घड्याळ तेवढं काढून टाकायला हवं होतं, मग पहिलंच दिलं असतं."

टाळ्या पडल्या. ही शेजारी बसली होती. पडद्याकडे नीट बघून म्हणाली, "घड्याळ माझ्या बाबांनी दिलेलं आहे. वंचना तुमच्या घराण्याची."