सगळं हिरवं आहे, साहेब!

मोठ्या कंपनीच्या आयटी मजल्यावर भिंतीला एक भलामोठा टीव्ही टांगलेला असतो. त्यावर क्रिकेट लागत नाही. त्यावर चौकोन असतात, चौकोनांत आकडे, आकड्यांखाली आलेख, आणि सगळ्याचा रंग हिरवा. परदेशातून क्लायंट आला की त्याला चहाच्या आधी हा टीव्ही दाखवतात. साहेब हात पाठीमागे बांधून सांगतात, "आमच्या सगळ्या डेटाबेसची तब्येत इथे एका नजरेत दिसते." क्लायंट मान डोलावतो. त्याच क्षणी त्याच कंपनीच्या एखाद्या शाखेत काउंटरवरची बाई ग्राहकाला सांगत असते, "आज सिस्टम फार स्लो आहे हो, दुपारनंतर या."

साहेब खोटं बोलत नाहीत आणि बाईही खोटं बोलत नाही.

त्या हिरव्याचं गणित एकदा बघून घ्या. डेटाबेसकडे शंभर क्वेऱ्या आल्या. नव्व्याण्णव 10 मिलिसेकंदांत सुटल्या, एकीने 20 सेकंद खाल्ले. सरासरी निघते 210 मिलिसेकंद. लाल दिव्याची मर्यादा ठेवलेली 500वर, म्हणून चौकोन हिरवागार. आता ती 20 सेकंदांची क्वेरी कोणाची असते? बहुतेक वेळा ज्याच्या नोंदी सर्वांत जास्त, त्याची. म्हणजे सर्वांत जुना, सर्वांत मोठा, सर्वांत जास्त पैसे मोजणारा ग्राहक. काल खातं उघडलेल्याचं पान झर्रकन येतं. वीस वर्षं इमानेइतबारे धंदा देणारा गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतो. डेटाबेस सांभाळणारे जाणते डीबीए म्हणूनच सरासरी बाजूला ठेवतात आणि शेपटाकडची रखडलेली क्वेरी आधी काढतात. पण महिन्याच्या प्रेझेंटेशनमध्ये सरासरीच जाते, कारण ती दिसायला गोजिरी असते.

दुसरा लाडका आकडा म्हणजे कॅशे हिट रेशो. 99 टक्के! म्हणजे माहिती आणायला डिस्कपर्यंत जावंच लागलं नाही, मेमरीतूनच भागलं. टाळ्या. पण इंडेक्स नसलेली एखादी अडाणी क्वेरी तेच टेबल मेमरीतल्या मेमरीत दिवसभर वरपासून खालपर्यंत चाळत बसली, तरी हा आकडा वरच चढतो. सीपीयू घामाघूम, रेशो फर्स्ट क्लास.

आणि त्या हिरव्या चौकोनांत एखादा राखाडी असतो. त्यावर लिहिलेलं असतं 'नो डेटा'. म्हणजे त्या सर्व्हरची खबर आणणारा एजंटच बंद पडलाय. सर्व्हर जिवंत आहे की गेला, कोणालाच ठाऊक नाही. पण लाल नाही ना? मग चालतंय.

या राखाडी रंगाची किंमत काय असते, ते गिटलॅब या कंपनीने 31 जानेवारी 2017च्या रात्री जगाला दाखवलं. त्यांच्या मुख्य डेटाबेसवरून दुसऱ्या सर्व्हरवर जाणारी नक्कल मागे पडली होती. इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत झगडत होता. नकलेच्या सर्व्हरवरचं फोल्डर पुसून पुन्हा पहिल्यापासून भरावं, असं त्याने ठरवलं आणि पुसण्याची कमांड दिली. ती दिली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने ती थांबवली. तोवर सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

हरकत नाही, बॅकअप असतोच की. एक सोडून चांगल्या पाच तऱ्हांची सोय कागदावर होती. रोजच्या बॅकअपच्या जागी जाऊन बघितलं तर जागा रिकामी. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन चालत होतं 9.2चं. ते दररोज सुरू व्हायचं, चूक दाखवायचं आणि बंद पडायचं. मग कोणाला कळलं कसं नाही? इथे खरी कलाकुसर आहे. बॅकअप फसला की मेल जायची व्यवस्था होती. मेल निघतही होती. पण तिच्यावर हवी ती डिजिटल खूण नव्हती, म्हणून पलीकडचा मेल सर्व्हर ती दारातूनच परत पाठवत होता. बिनसहीचा अर्ज टपालखिडकीवरून परत फिरावा, तसा. सगळे निर्धास्त होते, कारण तक्रारीची एकही मेल येत नव्हती.

कंपनी वाचली ती योगायोगाने. त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. त्यावरून उभं राहायला साधारण 18 तास लागले आणि मधल्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. गिटलॅबचं कौतुक एवढंच की दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवली आणि चौकशीचा अहवाल जाहीर केला, त्यात माणसाचं नाव न घेता. आपल्याकडे आधी नाव छापून आलं असतं, कारण नंतर सवडीने शोधलं असतं.

कोणी म्हणेल, हे सगळं गुंतागुंतीचं, एवढं कोण बघणार? मग साधं उदाहरण घ्या. बेसकॅम्प नावाच्या कंपनीत 8 नोव्हेंबर 2018ला जवळजवळ पाच तास कोणालाच काही नवं लिहिता येईना. फक्त वाचा. कारण काय, तर नोंदींना क्रमांक देणाऱ्या रकान्यात मावेल असा मोठ्यात मोठा आकडा 2,147,483,647, आणि तो आला. पुढचा आकडाच नाही. हा आकडा गुपित नाही, संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. रोज सकाळी एक ओळीची क्वेरी टाकून 'आज कितीवर आलो?' एवढं विचारलं असतं, तर कित्येक महिने आधी कळलं असतं. गंमत पुढेच आहे. ज्या रेल्स फ्रेमवर्कवर हे चालतं, त्याचा जन्म याच कंपनीतला, आणि त्या फ्रेमवर्कने 2017मध्येच नव्या टेबलांसाठी मोठा रकाना ठरवून टाकला होता. जगाला औषध दिलं, घरच्या जुन्या टेबलाला द्यायचं राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

म्हणजे साधनं कमी नाहीत. लाखांची लायसन्स घेतलेली असतात. कमी असतं ते त्यांचं ऐकणारं माणूस.

साधनं काय करतात? अलर्ट पाठवतात. डिस्क 80 टक्के भरली, अलर्ट. आता 10 टीबीच्या डिस्कवर 80 टक्के म्हणजे अजून 2 टीबी मोकळे, वर्षभराची निश्चिंती. 50 जीबीच्या डिस्कवर तेच 80 टक्के म्हणजे उरले 10 जीबी, एखादा बिघडलेला लॉग ते रात्रीत गिळतो. किती भरली यापेक्षा कोणत्या वेगाने भरतेय हे महत्त्वाचं, पण सगळ्या सर्व्हरना एकच मर्यादा ठोकून दिलेली असते. मग दिवसाला शेकड्यांनी मेल येतात. आठवड्याभरात प्रत्येक इंजिनिअर आउटलुकमध्ये एक नियम बनवतो: अलर्ट आला की थेट वेगळ्या फोल्डरमध्ये. त्या फोल्डरवर न वाचलेल्या मेलचा पाच आकडी आकडा असतो, आणि खरी मेल त्यातच कुठेतरी असते. ती सापडते आठ दिवसांनी, 'रूट कॉज' लिहिताना.

बरं, नक्की कशाकशावर लक्ष ठेवायचं हे तरी ठाऊक असतं का? कोणत्याही मोठ्या संस्थेत विचारून बघा: आपल्याकडे एकूण डेटाबेस किती? ओरॅकलवाला त्याचे सांगेल, एसक्यूएल सर्व्हरवाला त्याचे. एखादा मायएसक्यूएल मार्केटिंगवाल्यांनी परस्पर उभा केलेला असतो. आणि पगार ज्याच्यावर निघतो, ती फाइल अकाउंट्समधल्या एकाच टेबलाखालच्या पीसीवर असते. त्या पीसीवर चिठ्ठी: 'कृपया बंद करू नये'. सगळ्या संस्थेत तेवढी एकच देखरेख चोख. रिझर्व्ह बँकेने 24 एप्रिल 2024ला मुंबईच्या कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली, तेव्हा त्रुटींच्या यादीत पहिला मुद्दा होता आयटी साधनांच्या मोजदादीचा. ही बंदी उठायला फेब्रुवारी 2025 उजाडला. आधी वह्या मोजा, मग तपासा, एवढंच रिझर्व्ह बँकेचं म्हणणं.

आणि समजा मोजदाद झाली, अलर्ट आला, तो वाचलाही. पुढे काय? पुढे कॉल. रात्री दोन वाजता वॉर रूम उघडते. कॉलवर चाळीस माणसं. त्यातली तीन काम करतात, उरलेली दर पाच मिनिटांनी विचारतात, "ईटीए काय?" नेटवर्कवाला म्हणतो, आमच्याकडून क्लीन आहे. ॲप्लिकेशनवाला म्हणतो, डेटाबेस स्लो आहे. डीबीए म्हणतो, तुमच्या कालच्या रिलीजमधली क्वेरी टेबल लॉक करून बसलीय, मारू का? यावर एकदम शांतता. कारण 'मार' म्हणायचा अधिकार ज्याला आहे, तो झोपलाय, आणि त्याला उठवायचा अधिकार कोणालाच नाही.

हा विनोद मोठ्यांच्या घरीही घडतो. 24 फेब्रुवारी 2021ला मुंबईत एनएसई या शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11:40ला थांबले. टेलिकॉमच्या जोडण्या गडबडल्या, त्यातून मुख्य स्टोरेज सर्व्हरना दिसेनासं झालं आणि जोखीम मोजणारी यंत्रणा बसली. पर्यायी केंद्र बांधलेलं होतं, पण काम तिकडे हलवलं गेलं नाही. बाजार पुन्हा उघडला पावणेचारला. पुढच्याच महिन्यात बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नियम आवळला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर 30 मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून 45 मिनिटांत काम पूर्ववत करायचं. हा नियम नीट वाचा. त्यात नवा सर्व्हर घ्या म्हटलेलं नाही, नवा डॅशबोर्ड तर नाहीच. घड्याळ लावलंय ते निर्णय घेणाऱ्या माणसाला. स्क्रीनवरचं लाल सगळ्यांना दिसतं. 'बिघडलंय' हे तोंडाने म्हणायला कोणी तयार नसतं.

तेव्हा ज्या संस्थेला डेटाबेसची खरोखर काळजी आहे, तिने टीव्ही आणखी मोठा घेऊ नये. प्रत्येक अलर्टपुढे एका माणसाचं नाव लिहावं, आणि काय दिसल्यावर तो कोणाला न विचारता काय करू शकतो, तेही लिहावं. ज्या अलर्टवर कोणी कधीच काही करत नाही, तो काढून टाकावा. राखाडीला लालच समजावं. आणि डीबीएला पदोन्नती त्याने रात्री जागून वाचवलेल्या सर्व्हरसाठी नको, जे कधी पडलेच नाहीत त्यांच्यासाठी द्यावी. हे शेवटचं कोणी करणार नाही, मला माहीत आहे. न घडलेल्या अपघाताची स्लाइड बनत नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी बँकेच्या संचालक मंडळावर असाल, कोणी इस्पितळ चालवत असाल, कोणी पतसंस्थेचे किंवा शाळेचे विश्वस्त असाल. येत्या सोमवारी आपल्या आयटीवाल्याला बोलावून एकच विचारा: कालच्या बॅकअपवरून कोऱ्या मशीनवर सगळं उभं करून शेवटचं कधी बघितलं, आणि किती तास लागले? "बॅकअप रोज होतो, साहेब" असं तो म्हणाला, तर हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. तारीख आणि तास सांगितल्याशिवाय त्याला खुर्चीवरून उठू देऊ नका.