ओटीपी

वारणाकाठच्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जा, तिथली तीन माणसं ठरलेली. पहिले सरपंच, ते नुकतेच बाहेर गेलेले असतात. दुसरे ग्रामसेवक भाऊसाहेब. ते पंचायत समितीत मीटिंगला असतात. तिसरा ओटीपी. हा मात्र कायम जागेवर, कारण याला कुणी मीटिंगला बोलावतच नाही.

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच राहिलंय. दारात माणूस दिसला रे दिसला की हा विचारणार, "मोबाईल आणलाय का? ओटीपी आला का बघा." एकदा एका म्हाताऱ्या आक्कानं सांगितलं, "काल आल्ता जनू बाबा, पर घरात कोन न्हवतं." त्या दिवशी पोराचं बारसं झालं.

ओटीपी बी.कॉम. आहे. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र त्यानं लॅमिनेट करून ठेवलंय. दोनदा पोलीस भरतीचं ग्राउंड मारलं. एकदा गोळा जवळ पडला, एकदा लेखी परीक्षेत गुण कमी. मग २०२४ च्या जुलैत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. वय अठरा ते पस्तीस, मुदत सहा महिने. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार, पदवीधराला दहा हजार. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' म्हणून टाकलं. ओटीपी प्रशिक्षणार्थी म्हणून पंचायतीत रुजू झाला. आता त्याला काम शिकवायचं कुणी? भाऊसाहेबांनी संगणकाकडं बोट केलं, "ह्यो चालू कर बघू." संगणक चालू झाला आणि प्रशिक्षण पूर्ण झालं. दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेबच त्याला विचारायला लागले, "आरं, ही फाईल खाली घ्यायची कशी?"

त्याच्या टेबलावर संगणक, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि व्हॅसलीनची डबी. डबी त्याच्या तोंडासाठी नाही. जन्मभर ऊस भांगललेल्या हाताचा ठसा मशीनवर उठत नाही. मशीन म्हणतं, हा माणूस तो नव्हेच. मग ओटीपी म्हातारीचं बोट पुसतो, व्हॅसलीन लावतो, परत पुसतो, मशीनवर टेकवून वरनं आपलं बोट दाबतो. "आज्जी, जरा दाबून धर." "आरं, किती दाबू? मोडलं की बोट!" अंगठा, मधलं बोट, करंगळी, मग डावा हात. शेवटी एखादं बोट मशीनला पटतं आणि आज्जी आज्जीच असल्याचं सरकारदरबारी सिद्ध होतं.

टेबलाच्या खणात दोनशे पानी वही आहे. वहीत साऱ्या गावाचे पासवर्ड. लोकांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून यानं मधला मार्ग काढला: सगळ्यांना एकच दिला. कोल्हापूर, पुढं ॲटचं चिन्ह, पुढं एक-दोन-तीन. तरी माणसं येऊन दबक्या आवाजात विचारतात, "माजा काय हुता रं?" हा इकडं-तिकडं बघतो, वही उघडतो, पान शोधल्यासारखं करतो आणि कानात सांगतो. गुप्ततेच्या बाबतीत तो कडक आहे.

आणि त्याला कडक राहावंच लागतं. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा निघतो आणि त्यावर कुणाच्या रानावर कुठल्या सोसायटीचा बोजा आहे ते दिसतं. तालमीत मांडी ठोकून 'आमाला काय कमी हाय' म्हणणाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला काढताना त्याच्याच तोंडून केवढं कमी आहे ते ऐकावं लागतं. गावातले निम्मे म्हातारे एक जूनला जन्मले, ही शाळामास्तरांची करणीही त्याला ठाऊक आहे. पण चौकातल्या कट्ट्यावर तो यातलं अवाक्षर काढत नाही. पूर्वी गावाची अंडीपिल्ली न्हाव्याला ठाऊक असायची आणि तो बोलायचा. हा बोलत नाही, एवढीच प्रगती.

पंचायतीत फायबरची पेटी आहे. पेटीवरचे दिवे लुकलुकतात तोवर गाव डिजिटल. कुठंतरी जेसीबी खोदायला लागला की दिवे विझतात. मग ओटीपी फोन घेऊन टाकीच्या पायऱ्या चढतो, चौथ्या पायरीवर रेंज येते, तिथं बसून कामं करतो. रांग खाली उभी. वरून आवाज येतो, "मामाऽ, आधार नंबर सांगाऽ!" मामा खालून बारा आकडे ओरडून सांगतात. गुप्ततेचं हे कलम टाकीला लागू नाही.

ओटीपीची ही जात काही आजची नाही. १९९८ साली याच वारणा खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प उभा राहिला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सत्तर गावं, चौपन्न केंद्रं. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, चाळीस टक्के राज्याचा, दहा टक्के वारणेच्या सहकारी समूहाचा. देशात इतरत्र लोक इंटरनेट म्हणजे काय ते विचारत होते, तेव्हा इथं खेड्यात संगणक आले. शेतकऱ्याला बाजारभाव कळणार, पिकाचा सल्ला मिळणार, दाखले मिळणार, जगाचं ज्ञान दारात येणार, असा बेत होता. शेतकरी आला, चपला बाहेर काढून आत बसला आणि विचारलं, "माजं टनेज किती भरलं? तोड कदी? बिल कदी?" जगाचं ज्ञान त्यानं पुढच्या खेपेला ठेवलं. पुढं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी येऊन पाहिलं, तर संगणकाचं काम बहुतेक उसापुरतंच चाललेलं. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलचा मेसेज आणून बघितला आणि तेच काम स्वस्तात झालं.

त्यानंतर पाट्या बदलत गेल्या. २०११ साली 'संग्राम' आलं, मग 'आपले सरकार सेवा केंद्र' झालं. दर पाटीखाली हिशेब मांडला जातो तो यंत्रांचा: किती संगणक, किती केंद्रं, किती किलोमीटर तार. खुर्चीवर एक पोरगा बसलेला असतो, तो कुठल्याच रकान्यात नसतो. गाव मात्र कधीच तारेला जोडलेलं नव्हतं. गाव पोराला जोडलेलं होतं आणि पोरगा तारेला.

हे पटत नसेल तर पुढचं ऐका. ओटीपीचे सहा महिने संपले. पोरांनी आंदोलनं केली, तेव्हा सरकारनं आणखी पाच वाढवले. तेही संपले. त्याला प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते भाऊसाहेबांनी त्याच्याकडूनच प्रिंट करून घेतलं. तो घरी बसला आणि २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींचं ई-केवायसी निघालं. पंचायतीतली खुर्ची रिकामी, म्हणून सगळी रांग त्याच्या घराच्या सोप्यात. म्हशीला वैरण टाकायला जागा राहिली नाही.

या केवायसीची मेख अशी, की बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचा नाहीतर बापाचाही आधार लागायचा, आणि त्याचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर.

"वहिनी, दादा कुटं हायत?"

"ऊस घिऊन गेल्यात कारखान्याला."

फोन लावला. पलीकडं ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवरचं गाणं.

"दादा, मेसेज आलाय बघा, सहा आकडी."

"आरं, आलाय की! लिव्ह. एकोनसाट..."

ओटीपी थबकला. तो इंग्रजी आकड्यांच्या पिढीतला. एकोणसाठ म्हणजे पन्नासातलं की साठातलं, यावर त्याचं कायमचं अडतं. त्यानं सिक्स-नाईन टाकलं. चुकलं. परत पाठवला. तोवर दादा वजनकाट्यावर चढले होते. तिसऱ्या खेपेला त्यानं आईला शेजारी बसवलं. आई सातवी पास, तिला पाढ्यांसकट सगळं येतं. वहिनींचं काम झालं. पंधराशे रुपयांची वाट मोकळी करून वहिनी निघाल्या आणि जाताना म्हणाल्या, "भावजी, तुमचं काय झालं मग? कायम करनार न्हवं?"

हाच प्रश्न परवा पाहुण्यांनी विचारला. करवीर तालुक्यातलं स्थळ. मुलीचे वडील, चुलते, मध्यस्थ. पोहे झाले, चहा झाला. वडील म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पर नोकरी कायम पायजे हो." ओटीपीचा बाप जमिनीकडं बघत राहिला. सरपंच मध्यस्थीला होते, ते म्हणाले, "मानधनाचं बघू आमी." या 'बघू'ला गावात काय भाव आहे ते पाहुण्यांनाही माहीत होतं. मंडळी उठली.

चपलीत पाय घालताना मुलीच्या वडिलांनी खिशातनं आधारकार्ड काढलं. "बरं, तेवढं आमचं पीएम किसानचं केवायसी हुतंय का बघा की. हप्ता अडकलाय."

नकार पचवून ओटीपीनं फोन काढला. नंबर टाकला. "मामा, ओटीपी आला का बघा."

मामांनी मोबाईल चाचपला. काही नाही. मग आठवलं. "आधारला नंबर पोरीचा दिलाय. आमास्नी काय कळतंय त्यातलं!"

सगळे गप्प. दोन हजारांचा प्रश्न होता. मामांनीच फोन लावला आणि ओटीपीच्या हातात दिला. पलीकडून मुलीनं सहा आकडे इंग्रजीत, एकेक सुटा करून सांगितले आणि वर विचारलं, "कॅप्चा टाकला का आधी?" पहिल्या दणक्यात केवायसी झालं. अशी बाई ओटीपीला रांगेत कधी भेटली नव्हती.

मामांनी मोबाईल खिशात घातला, मुलाकडं नव्यानं बघितलं आणि परत चपला काढल्या. "हप्ता जमा झाला का न्हाई ते आत बसूनच बघूया जरा."

"आज जमा हुनार न्हाई मामा," ओटीपी म्हणाला. "परत यावं लागंल."

"यितो की," मामा म्हणाले.